निर्जन किनाऱ्यावरून मोटरसायकल नेताना: वाटेचा हक्क कसा तपासावा

गाडी कोणती घ्यावी, वाळूत टायरमधील हवा किती कमी करावी आणि सामान कसे बांधावे, हे वाचकाला ठाऊक आहे असे मी गृहीत धरतो. येथे प्रश्न आहे तो फक्त वाटेच्या हक्काचा. या बाबतीत दुचाकीस्वार एकमेकांना देतात ते बहुतेक सल्ले “आम्ही तिथूनच गेलो होतो” किंवा “तिकडे कोणी अडवत नाही” या दोन वाक्यांत संपतात. दुसऱ्याने नोंदवलेला जीपीएस मार्ग एवढेच सिद्ध करतो की एक माणूस तेथून गेला. त्याला तसे जाण्याचा हक्क होता की नाही, हे त्यावरून कळत नाही.

सुरुवातीला संपूर्ण मार्गाचे नकाशावर तुकडे पाडावेत. जमिनीचा प्रकार, मालक किंवा संरक्षित क्षेत्राची हद्द जिथे बदलते, तिथे नवा तुकडा धरावा. नोंद असलेल्या सार्वजनिक रस्त्यांच्या तुकड्यांवर वेळ घालवू नये. तेथे वाहनाची कागदपत्रे आणि चालकाचा परवाना पुरेसा असतो.

त्यानंतर कच्च्या वाटा घ्याव्यात. पायी जाण्याचा हक्क म्हणजे वाहन नेण्याचा हक्क नव्हे, आणि जुनी वहिवाटही दर वेळी कामी येत नाही. इंग्लंडमध्ये 2006 च्या एका कायद्याने, काही अपवाद वगळता, अधिकृत नोंदीत वाहनमार्ग म्हणून न दाखवलेल्या वाटांवरील मोटार वाहनांचे हक्क संपुष्टात आणले. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या बैलगाड्या-घोडागाड्या गेलेली वाटही आज मोटरसायकलसाठी बंद असू शकते. आइसलँडमध्ये तर रस्ता सोडून वाहन चालवण्यालाच सर्वसाधारण बंदी आहे. म्हणून मोबाइलमधल्या तुटक रेषेवर विसंबू नये. स्थानिक प्रशासनाची नोंदवही पाहावी.

खरी अडचण येते ती रस्ता संपल्यापासून पाण्यापर्यंतच्या पट्ट्यात. मलाही या टप्प्याने बराच काळ झुलवले. याचे कारण असे की, नकाशात जो पट्टा एकाच पिवळ्या रंगात दिसतो, तो कायद्याच्या दृष्टीने तीन-चार निरनिराळ्या जमिनींचा बनलेला असतो. वाळूच्या टेकड्या वन किंवा निसर्गसंवर्धन खात्याकडे, त्यापुढील कोरडी पुळण नगरपालिकेकडे किंवा खासगी मालकाकडे, आणि भरती-ओहोटीच्या रेषांमधला ओला भाग शासनाकडे, अशी विभागणी अनेक ठिकाणी आढळते. एकाची परवानगी दुसऱ्यावर बंधनकारक नसते. जमीनमालकाने होकार दिला म्हणून शासकीय बंदी उठत नाही, आणि शासकीय परवाना हाती आहे म्हणून खासगी कुंपणाचे फाटक उघडण्याचा हक्कही मिळत नाही. जिथे दोन नियम एकाच जागेला लागू होतात, तिथे अधिक कडक नियम धरून चालावे.

“भरतीरेषेच्या खालची जमीन कोणाचीच नसते” हा समज तर ताबडतोब सोडून द्यावा. दक्षिण आफ्रिकेत डिसेंबर 2001 मध्ये जाहीर झालेल्या नियमांनी किनारी क्षेत्रात हौसेखातर वाहन चालवण्यावर बंदी आली. 2014 मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली, तरी मूळ भूमिका तीच राहिली. न्यूझीलंडमध्ये चित्र वेगळे आहे. तेथील 1998 च्या कायद्याने रस्त्याच्या व्याख्येतच समुद्रकिनारा घातला आहे. हे ऐकून हुरळून जाणारे पुष्कळ भेटतात, परंतु किनारा हा रस्ता ठरला की नोंदणी, परवाना, हेल्मेट आणि वेगमर्यादा हे सारे तेथे लागू होते, शिवाय स्थानिक परिषदेचे पोटनियम एखादा किनारा वाहनांसाठी बंदही करू शकतात. दोन देशांतली वाळू सारखीच दिसते, आणि म्हणूनच एका देशातला अनुभव दुसऱ्या देशात वापरणे धोक्याचे ठरते.

भरतीरेषा म्हणजे आज सकाळी वाळू जिथपर्यंत भिजली ती खूण नव्हे. वाळलेले शेवाळ, शंखांचा चुरा आणि वाहून आलेल्या काटक्या यांची जी ओळ किनाऱ्यावर दिसते, तीही फार तर अलीकडच्या भरतीचा अंदाज देते. कायद्यातील रेषा व्याख्येने ठरते. दक्षिण आफ्रिकेच्या कायद्यात, उदाहरणार्थ, असाधारण हवामानामुळे किंवा समुद्राच्या असाधारण स्थितीमुळे चढलेले पाणी त्या रेषेसाठी मोजत नाहीत. म्हणून परवान्यासोबत हद्दीचा नकाशा मागून घ्यावा आणि तो मिळत नसेल तर तो तुकडा मार्गातून वगळावा. किनारा खुला असला तरी टेकड्यांवरून कुठूनही खाली उतरता येत नाही. उतरण्यासाठी आखून दिलेलीच जागा वापरावी, कारण टेकडीवरील वेली आणि गवत एकदा चाकाखाली उपटले की वाळू धरून ठेवणारे काही उरत नाही आणि वारा ती टेकडी पोखरू लागतो. समुद्री कासवे भरतीच्या वरच्या कोरड्या वाळूत अंडी घालतात. त्यामुळे विणीच्या हंगामात आणि रात्री वाहनबंदी आहे का, हे स्वतंत्रपणे विचारावे. वर्षभराच्या परवान्यातही अशी बंदी असू शकते.

परवाना हाती आल्यावर त्यातील ‘वाहन’ या शब्दाची व्याख्या आधी वाचावी. अमेरिकेतील केप हॅटरस येथे किनाऱ्यावर गाडी नेण्यासाठी परवाना मिळतो, पण मोटरसायकलला तेथे मज्जाव आहे. संकेतस्थळावर चारचाकी गाडीचे छायाचित्र आणि खाली “वाहनांना प्रवेश” एवढाच मजकूर दिसला, तर लेखी प्रश्न पाठवून “दोन चाकी मोटरसायकल” हे शब्द उत्तरात येतील असे पाहावे. दूरध्वनीवर मिळालेला होकार फाटकावरच्या रखवालदाराला दाखवता येत नाही, आणि तो बहुधा ऐकूनही घेत नाही.

विमा कंपनीलाही हाच प्रश्न लेखी विचारावा.

गावकीची सामायिक जमीन असेल तर आधी गावातील जबाबदार व्यक्तीला भेटावे, गाडीचे इंजिन बंद ठेवून.

भरतीचे वेळापत्रक हा सुरक्षेचा भाग आहे, पण कायद्याचाही आहे: पाणी चढले की स्वार कोरड्या वाळूकडे आणि टेकड्यांकडे ढकलला जातो, म्हणजे परवान्याबाहेर जातो. ऑस्ट्रेलियातील क’गारी बेटावर, म्हणजे पूर्वीच्या फ्रेझर बेटावर, पूर्ण भरतीच्या दोन तास आधी आणि दोन तास नंतर किनाऱ्यावरून प्रवास टाळण्याची सूचना दिली जाते. मी हाच हिशेब इतरत्रही पाळतो.

निघण्यापूर्वी परवाना, हद्दीचा नकाशा आणि अधिकाऱ्यांचे लेखी उत्तर कागदावर छापून घ्यावे, कारण अशा किनाऱ्यांवर मोबाइलला जाळे मिळण्याची खात्री नसते. प्रत्यक्ष जागेवर कागदाशी न जुळणारा फलक दिसला, तर फलक पाळावा, त्याचे छायाचित्र घ्यावे आणि परतल्यावर परवाना देणाऱ्या कार्यालयाकडे खुलासा मागावा.