आइस हॉकीत फॉरवर्ड व्हायचंय? मग पक (रबरी चकती) जवळ नसतानाचं काम शिका

टोरांटोच्या आसपास किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी घरांतून हल्ली हा प्रश्न येतो: पोरगा संघात सगळ्यात जास्त गोल करतो, याचं पुढे करिअर होईल का? गोलांच्या आकड्यावरून ते सांगता येत नाही. लहान वयोगटात प्रत्येक संघात गोल करणारा एक असतोच. ज्युनियर लीगमध्ये असे सगळे एकाच बेंचवर येऊन बसतात.

एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगच्या सामन्यात एका संघाचे 20 खेळाडू उतरतात. त्यांत साधारण 12 फॉरवर्ड (हल्ला करणारे), तीन-तीनच्या चार लाइन, म्हणजे एकत्र बर्फावर उतरणारे गट. गोल करण्यासाठी म्हणून घेतलेले बहुतेक पहिल्या दोन लाइनमध्ये असतात. खालच्या सहा जागा मिळतात त्या फेसऑफ (दोघांमध्ये पक टाकून खेळ सुरू करणं) जिंकणाऱ्याला, पेनल्टी किलमध्ये (शिक्षेमुळे आपला खेळाडू कमी असताना) शॉटपुढे आडवं पडणाऱ्याला, बोर्डांलगतच्या (मैदानाभोवतीच्या भिंतीलगतच्या) झटापटीतून पक काढणाऱ्याला. खरी भरती या सहा जागांसाठी होते, आणि तिची तयारी लहानपणी कोणी करत नाही.

आधी वर जाण्याचा मार्ग पाहू. कॅनडात वयोगट जन्मवर्षावर ठरतो. डिसेंबरात जन्मलेलं मूल जानेवारीतल्याशी, म्हणजे जवळजवळ वर्षाने मोठ्या मुलाशी झुंजतं. म्हणून दहाव्या वर्षी वरच्या संघात निवड झाली नाही तर लगेच निकाल लावू नका. स्पर्धात्मक हॉकीत अंगाने धडक देणं साधारण 13व्या वर्षी सुरू होतं. त्याआधी धडक घ्यायला शिकवा. खांदा बोर्डाला टेकलेला असेल तर धक्का सोसतो. बोर्डापासून तीन-चार फुटांवर, पाठ करून उभा असलेला मुलगा डोक्यावर आपटतो.

पंधरा-सोळाच्या सुमारास ओएचएल, डब्ल्यूएचएल, क्यूएमजेएचएल या तीन ज्युनियर लीगच्या निवडी होतात. दुसरी वाट अमेरिकेतल्या यूएसएचएल या ज्युनियर लीगमधून कॉलेज हॉकीची. पूर्वी या तीन लीगमध्ये खेळलं की कॉलेजचं दार बंद व्हायचं. 2025-26 हंगामापासून तसं राहिलेलं नाही. ओळखीच्या काकांचा दहा वर्षांपूर्वीचा सल्ला त्यामुळे आता उपयोगाचा नाही.

एनएचएल ड्राफ्टसाठी (संघांकडून होणाऱ्या नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीसाठी) त्या वर्षीच्या 15 सप्टेंबरपर्यंत 18 पूर्ण हवेत. 32 संघ, सात फेऱ्या, म्हणजे सव्वादोनशेच्या आत नावं. नाव पुकारलं म्हणजे नोकरी मिळाली नव्हे. संघाकडे फक्त करार करण्याचा हक्क जातो. 18 ते 21 वयात पहिला करार केला तर तो तीन वर्षांचा असतो आणि त्यात दोन पगार लिहिलेले असतात: एनएचएलमध्ये असाल तेव्हाचा, आणि खाली एएचएल या दुय्यम लीगमध्ये पाठवलं तर त्याहून कितीतरी कमी. घरखर्चाचा हिशेब दुसऱ्या आकड्यावर करा.

आता कामाकडे. विंगरची, म्हणजे कडेने खेळणाऱ्या फॉरवर्डची, परीक्षा आपल्याच झोनमध्ये (आपल्या गोलाकडच्या भागात), बोर्डालगत पास घेताना होते. पाठ बोर्डाकडे, छाती मैदानाच्या आत, आणि पक येण्याआधी दोनदा खांद्यावरून मागे नजर. नेहमीची चूक म्हणजे पक स्टिकवर यायच्या आधीच पुढे पळणं. पास मागे पडतो, समोरचा डिफेन्समन तो निळ्या रेषेवर (झोनच्या हद्दीवर) अडवतो आणि आपले पाचही जण चुकीच्या दिशेला तोंड करून सापडतात. दबाव असेल तर पक काचेवरून उंच बाहेर काढावा, पण जोर मोजून. मधल्या लाल रेषेच्या अलीकडून मारलेला पक समोरच्या गोलरेषेपलीकडे गेला की आइसिंग; मग फेसऑफ आपल्याच झोनमध्ये आणि दमलेली लाइन बदलताही येत नाही.

शिफ्ट, म्हणजे एका वेळी बर्फावर राहण्याचा काळ, 40-45 सेकंदांची. यापेक्षा रेंगाळणाऱ्याचे पाय जड होतात आणि परत येताना तो उशिरा पोचतो. दुसऱ्या पिरियडमध्ये बाजू बदलतात, त्यामुळे बचाव करताना आपला बेंच लांब पडतो. त्या वीस मिनिटांत बदल आणखी जपून करावा लागतो. पक आपल्या गोलाकडे येत असताना बेंचकडे वळू नये, हा नियम प्रशिक्षक एकदाच सांगतात. मोडला की पुढच्या शिफ्टला बसवतात.

सेंटरला, म्हणजे लाइनमधल्या मधल्या फॉरवर्डला, फेसऑफ यायलाच हवा. एनएचएलमध्ये दोन्ही टोकांच्या झोनमध्ये बचाव करणाऱ्याने स्टिक आधी टेकायची, मध्यावर पाहुण्या संघाच्या खेळाडूने. जो नंतर टेकतो त्याला थोडा फायदा. खालचा हात पात्याजवळ, पाय रुंद, नजर पक टाकणाऱ्या लाइन्समनच्या हातावर. घाई केली तर सेंटर बदलतात. त्याच फेसऑफला संघाने दुसऱ्यांदा नियम मोडला तर दोन मिनिटांची शिक्षा.

एनएचएलमध्ये खेळलेल्या मॅनी मल्होत्राकडे पाहा. वडील मूळचे भारतातले, 1998च्या ड्राफ्टमध्ये सातवा क्रमांक. सातव्या क्रमांकाकडून लोक गोलांची अपेक्षा धरतात. त्याने 991 सामन्यांत केले 116. इतकी वर्षं तो टिकला तो फेसऑफ आणि बचावावर. व्हँकुव्हर संघाने त्याला आपल्या गोलासमोरचे फेसऑफ दिले, म्हणून संघातल्या गोल करणाऱ्या सेडिन भावांना समोरच्या झोनमध्ये सुरुवात करता आली. 2011 मध्ये पक डोळ्याला लागून त्याला गंभीर दुखापत झाली. डोळ्यांपुढचा पारदर्शक व्हायझर एनएचएलमध्ये 2013-14 पासून नव्या खेळाडूंना सक्तीचा झाला. मानेचं संरक्षकही घालाच: 2023 मध्ये इंग्लंडमधल्या सामन्यात स्केटच्या पात्याने मान कापली जाऊन अ‍ॅडम जॉन्सन हा खेळाडू गेला.

साहित्यात दोनच गोष्टींवर पैसे आणि डोकं घालवा. स्टिकचा फ्लेक्स (कडकपणाचा आकडा) पौंडांतल्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास. 68 किलोच्या मुलाला 75 पुरतो. स्टिक दोन इंच कापली की ती कडक होते, हे दुकानात कोणी सांगत नाही. स्केटची धार लावताना खोलगटपणा अर्ध्या इंचाच्या त्रिज्येपासून सुरू करा. त्रिज्या लहान तर पकड घट्ट पण घसरण कमी. वजनदार खेळाडूला मोठी त्रिज्या बरी. धार लावून आणल्यावर दोन्ही कडा समपातळीत आहेत का ते बघा, नाहीतर एकाच बाजूच्या वळणावर पाय सुटतो आणि दोष तंत्राला दिला जातो.

मुलींसाठी पीडब्ल्यूएचएल ही व्यावसायिक लीग जानेवारी 2024 मध्ये सुरू झाली. कॅनडात मुलींच्या गटांत धडक देण्यास मनाई असते, या लीगमध्ये मात्र बोर्डालगत बरीच अंगाची झटापट चालते. त्यामुळे गोल करणारी मुलगीसुद्धा पहिल्या हंगामात कोपऱ्यातला पक गमावत राहते. ज्युनियरमध्ये असतानाच आठवड्यातून एकदा बोर्डालगत एकास-एक सराव तिच्या वेळापत्रकात घाला.