घरी बघताना, डाउनलोड करताना आपली माहिती कशी जपावी

नवा स्मार्ट टीव्ही सुरू केला की तो पहिल्या काही मिनिटांतच चार-पाच संमत्या मागतो. मजकूर बारीक आणि लांबलचक असतो, खाली ठळक बटण असतं : 'ॲग्री टू ऑल'. मॅच सुरू व्हायला आलेली असते, घरचे सगळे समोर बसलेले असतात, त्यामुळे कोणी काही वाचत बसत नाही. त्या एका बटणाने घरातल्या माणसांची रोजची आवडनिवड कंपनीच्या हाती जाते.

ऑनलाइन प्रायव्हसी म्हटलं की लोक आधी व्हीपीएन शोधतात, म्हणजे आपलं नेट दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरमधून नेऊन आपला पत्ता झाकणारी सेवा. मी उलट सांगेन. व्हीपीएनवर पैसे घालण्याआधी टीव्ही, राउटर आणि फोन यांची सेटिंग्ज हातात घ्या. बरीच माहिती तिथूनच जाते, आणि ती गळती थांबवायला एक रुपयाही लागत नाही. एखाद्या रविवारी दोन-तीन तास काढले तर बरंचसं काम उरकतं.

'आपल्याकडे लपवण्यासारखं आहेच काय?' असं विचारणारे भेटतात. पण माणूस काय बघतो यावरून खूप काही कळतं. छातीतल्या गाठीबद्दल डॉक्टरांचे व्हिडिओ कोण बघतंय, कर्ज थकल्यावर काय होतं हे कोण शोधतंय, कुठल्या पक्षाची भाषणं चालू असतात, पहाटे कुठली भजनं लागतात. हे शेजाऱ्याला सांगावंसं वाटत नसेल, तर जाहिरातवाल्यांनाही का कळावं? खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या खंडपीठाने 24 ऑगस्ट 2017 रोजी एकमताने दिला. तो हक्क घरातल्या हॉलमध्येही लागू व्हायला हवा.

पहिली पायरी : टीव्ही

बहुतेक स्मार्ट टीव्हींमध्ये पडद्यावर काय चाललंय ते ओळखणारी यंत्रणा असते. तिचं नाव ऑटोमॅटिक कंटेंट रेकग्निशन, थोडक्यात एसीआर. ती पडद्यावरच्या चित्राचे किंवा आवाजाचे नमुने घेते, त्यांचा ठसा कंपनीच्या सर्व्हरवर पाठवते आणि तिथे तो कार्यक्रम कोणता हे जुळवून पाहिलं जातं. अमेरिकेत व्हिझिओ कंपनीने ग्राहकांना नीट न सांगता ही माहिती गोळा केली, आणि 2017 मध्ये तिला 22 लाख डॉलर भरावे लागले.

लॅपटॉप एचडीएमआय केबलने जोडला म्हणजे टीव्हीला काही कळत नाही, हा समज चुकीचा आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजसह काही विद्यापीठांतल्या संशोधकांनी 2024 मध्ये सॅमसंग आणि एलजीचे टीव्ही तपासले. टीव्ही फक्त बाहेरचा पडदा म्हणून वापरला तरी एसीआर चालूच होतं. त्याच अभ्यासात एक दिलासाही मिळाला : सेटिंग्जमधून नकार दिल्यावर ही पाठवापाठवी थांबत होती. म्हणजे ही सेटिंग्ज खरोखर कामाची आहेत.

सॅमसंगवर 'ऑल सेटिंग्ज'मधून 'जनरल अँड प्रायव्हसी' आणि मग 'टर्म्स अँड प्रायव्हसी' उघडा. तिथली 'व्ह्यूइंग इन्फर्मेशन सर्व्हिसेस'ची खूण काढा. 'इंटरेस्ट-बेस्ड ॲडव्हर्टायझिंग' आणि आवाजाने हुकूम देण्याची सोय वापरत नसाल तर त्या संमत्याही काढा. एलजीवर 'युजर ॲग्रीमेंट्स'मध्ये 'व्ह्यूइंग इन्फर्मेशन' असतं, शिवाय 'लाइव्ह प्लस' वेगळं बंद करावं लागतं. सोनीच्या बऱ्याच टीव्हींवर हे काम 'सांबा इंटरॅक्टिव्ह टीव्ही' नावाखाली चालतं. ॲमेझॉनची फायर स्टिक असेल तर 'प्रेफरन्सेस'मधल्या 'प्रायव्हसी सेटिंग्ज'मध्ये वापराची माहिती आणि जाहिरातींचे पर्याय बंद करा. मॉडेलनुसार नावं थोडी बदलतात. नाव सापडलं नाही तर प्रायव्हसी, टर्म्स, ॲडव्हर्टायझिंग हे शब्द जिथे दिसतील तिथे शिरा. या संमत्या काढल्याने सहसा कुठलाही चॅनेल किंवा ॲप बंद पडत नाही. टीव्हीचं सॉफ्टवेअर मोठं अपडेट झालं की हे सगळं पुन्हा एकदा तपासा.

दसरा-दिवाळीच्या एक्स्चेंज ऑफरमध्ये जुना टीव्ही देणार असाल तर आधी फॅक्टरी रीसेट करा, म्हणजे त्यातली सगळी माहिती पुसली जाते. नाहीतर तुमची लॉगिन झालेली खाती टीव्हीसोबत टेम्पोत चढतात.

दुसरी पायरी : स्वस्तातला बॉक्स आणि 'सगळं फुकट' दाखवणारी ॲप्स

बाजारात आणि ऑनलाइन अनोळखी नावाचे अँड्रॉइड टीव्ही बॉक्स मिळतात. 'सगळे चॅनेल, सगळे ओटीटी, आयुष्यभर मोफत' अशी त्यांची जाहिरात असते. यातल्या काही बॉक्समध्ये कारखान्यातूनच घातक सॉफ्टवेअर भरून येतं. 'बॅडबॉक्स' नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकाराबद्दल अमेरिकेच्या एफबीआयने जून 2025 मध्ये जाहीर इशारा दिला होता. असा बॉक्स तुमच्या इंटरनेट जोडणीचा रस्ता गुन्हेगारांना वापरू देतो. कुठेतरी फसवणूक होते आणि माग काढत गेलं की पत्ता तुमच्या घराचा निघतो.

बॉक्स आधीच घरात असेल तर त्यावर प्ले स्टोअर उघडा, सेटिंग्जमध्ये 'अबाउट'खाली डिव्हाइस सर्टिफाइड आहे का पाहा. नसेल, किंवा प्ले स्टोअरच नसेल, किंवा बसवताना प्ले प्रोटेक्ट (घातक ॲप्स पकडणारी गुगलची सोय) बंद करायला सांगितलं असेल, तर तो काढून टाका. पैसे वाया गेले म्हणून तो वापरत राहू नका.

फोनवरच्या ॲपचंही तसंच. टेलिग्राम किंवा व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल (प्ले स्टोअरबाहेरून थेट टाकायचं ॲप) टाकून नवे सिनेमे बघणारे आपल्या आसपास भरपूर आहेत. सिनेमा दाखवणाऱ्या ॲपला एसएमएस, कॉन्टॅक्ट्स आणि ॲक्सेसिबिलिटीची परवानगी कशासाठी हवी? ॲक्सेसिबिलिटीची परवानगी मिळालेलं ॲप पडद्यावरचा मजकूर वाचू शकतं, तुमच्या वतीने बटणं दाबू शकतं. त्याच फोनवर बँकेचे ओटीपी येतात. सेटिंग्जमध्ये 'इन्स्टॉल अननोन ॲप्स' उघडून प्रत्येक ॲपपुढची ही परवानगी बंद करा. आईवडिलांच्या फोनवर हे आधी करा.

तिसरी पायरी : राउटर

नेट बसवायला आलेला माणूस घाईत असतो. वायफायचा पासवर्ड म्हणून बऱ्याचदा तो ग्राहकाचा मोबाइल नंबरच टाकून देतो, आणि तो नंबर सोसायटीतल्या निम्म्या लोकांकडे असतो. राउटर उलटा करा. खाली चिकटवलेल्या कागदावर लॉगिनचा पत्ता आणि सुरुवातीचा पासवर्ड असतो. जिओफायबरवर हा पत्ता 192.168.29.1 असतो, बऱ्याच इतर राउटरवर 192.168.1.1. तो ब्राउझरमध्ये टाकून आत जा. राउटरचा ॲडमिन पासवर्ड आणि वायफायचा पासवर्ड, दोन्ही बदला आणि दोन्ही वेगवेगळे ठेवा. सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए2 किंवा डब्ल्यूपीए3 ठेवा, डब्ल्यूपीएस (पासवर्डऐवजी बटण किंवा पिनने जोडणी देणारी सोय) बंद करा, अपडेट आलं असेल तर घ्या.

गेस्ट नेटवर्कची सोय असेल तर टीव्ही, फायर स्टिक, सीसीटीव्ही कॅमेरे त्याच्यावर टाका आणि फोन-लॅपटॉप मुख्य नेटवर्कवर ठेवा. मग टीव्हीत काही शिरलं तरी ते लॅपटॉपपर्यंत सहज पोचत नाही. फोनवरून टीव्हीवर कास्ट करताना मात्र दोन्ही एकाच नेटवर्कवर लागतात, ही अडचण मान्य करूनच काय ते ठरवा.

चौथी पायरी : डीएनएस आणि ब्राउझर

आपण साइटचं नाव टाकतो तेव्हा फोन आधी त्या नावाचा आकडी पत्ता विचारतो. हे काम डीएनएस करतं, आणि नेहमीच्या पद्धतीत ती विचारणा उघडी असते, भर चौकात मोठ्याने पत्ता विचारावा तशी. ती बंद पाकिटात पाठवायची सोय अँड्रॉइड 9 पासून आहे. नेटवर्कच्या सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' उघडा आणि प्रोव्हायडरच्या जागी one.one.one.one असं लिहा. हा पत्ता क्लाउडफ्लेअर या कंपनीच्या डीएनएस सेवेचा. क्वाडनाइन ही दुसरी डीएनएस सेवा हवी असेल तर dns.quad9.net. क्वाडनाइन घातक म्हणून माहीत असलेल्या साइट उघडूच देत नाही, म्हणून घरात लहान-मोठे सगळे नेट वापरत असतील तर मी तेच सुचवेन. याने नेट कंपनीला सगळंच दिसायचं थांबत नाही, कोणत्या साइटवर गेलात हे तिला इतर मार्गांनी कळू शकतं. पण साइटचा पत्ता एचटीटीपीएसने सुरू होत असेल, म्हणजे जोडणी कुलूपबंद असेल, तर त्या साइटवर नेमका कुठला व्हिडिओ बघितला हे तिला दिसत नाही.

ब्राउझर फायरफॉक्स घ्या आणि त्यात जाहिराती अडवणारं 'युब्लॉक ओरिजिन' टाका. अँड्रॉइडवरच्या फायरफॉक्समध्येही ते चालतं. इन्कॉग्निटोवर विसंबू नका, त्याने फक्त त्या फोनवर किंवा कॉम्प्युटरवर हिस्टरी राहत नाही. नेट कंपनीला आणि साइटला तुम्ही दिसताच. एखादी साइट 'पुढे जाण्यासाठी अलाउ दाबा' म्हणाली तर ती नोटिफिकेशनची परवानगी मागत असते. नाही म्हणा. फोनच्या 'प्रायव्हसी' सेटिंगमध्ये 'ॲड्स'खाली जाहिरातीचा आयडी पुसायचाही पर्याय मिळेल.

पाचवी पायरी : टॉरेंट आणि व्हीपीएन

टॉरेंटमध्ये फाइल एका ठिकाणाहून येत नाही. ती ज्यांच्याकडे आहे अशा अनेक लोकांकडून तुकड्या-तुकड्यांनी येते, आणि आपल्याकडे आलेले तुकडे आपण पुढे देत असतो. त्यामुळे त्या घडीला फाइल घेणाऱ्या-देणाऱ्या सगळ्यांना एकमेकांचा आयपी ॲड्रेस, म्हणजे नेटवरचा आकडी पत्ता, दिसतो. यात कुणाचा दोष नाही, या तंत्राची रचनाच तशी आहे. हक्कधारकांनी नेमलेल्या कंपन्याही त्याच गर्दीत बसून पत्ते टिपतात.

जर्मनीत शिकायला जाणाऱ्या मराठी मुलामुलींनी हे खास लक्षात ठेवावं. तिथे एखादा सिनेमा टॉरेंटने उतरवला तर वकिलाची नोटीस येते आणि मागणी शेकडो युरोंची असते. इंटरनेट घरमालकाच्या नावावर असेल तर ते पत्र त्याच्याकडे जातं. भारतातही कॉपीराइट कायद्याच्या 63व्या कलमात तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. व्हीपीएन लावलं म्हणजे चोरी कायदेशीर होत नाही. मराठी सिनेमा आधीच कसाबसा थिएटरात टिकतो, तेव्हा तो फुकट उतरवू नका, असं मी मनापासून सांगेन. प्रसार भारतीचं 'वेव्हज' ॲप नोव्हेंबर 2024 मध्ये गोव्यातल्या इफ्फी या चित्रपट महोत्सवात सुरू झालं, त्यावर दूरदर्शनचा जुना खजिना आहे. इंटरनेट आर्काइव्हवर मुक्त झालेलं साहित्य आणि चित्रफिती रीतसर मिळतात, त्यातलं बरंचसं टॉरेंटनेही घेता येतं.

अशा कायदेशीर टॉरेंटसाठीही पत्ता झाकायचा असेल तर टॉरेंट उतरवायला क्यूबिटटोरेंट हा प्रोग्राम वापरा. ते मुक्त सॉफ्टवेअर आहे, त्यात जाहिराती नाहीत. व्हीपीएन जोडून त्याच्या 'ॲडव्हान्स्ड' पर्यायांत 'नेटवर्क इंटरफेस'च्या जागी व्हीपीएनचं नाव निवडा. मग व्हीपीएन तुटलं की डाउनलोडही थांबतं, खरा पत्ता उघडा पडत नाही. काम झालं की प्रोग्राम बंद करा, नाहीतर तो तुमच्या पत्त्यावरून फाइल वाटत राहतो.

व्हीपीएन निवडताना एवढं ध्यानात ठेवा की नेट कंपनीला जे दिसत होतं ते आता व्हीपीएन कंपनीला दिसणार. विश्वासाची जागा बदलते, इतकंच. म्हणून अनोळखी फुकट व्हीपीएन टाळा. होला नावाचं फुकट व्हीपीएन आपल्या वापरकर्त्यांचीच जोडणी दुसऱ्यांना विकत असल्याचं 2015 मध्ये उघड झालं. 28 एप्रिल 2022 च्या सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या निर्देशांनी व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची नावं, पत्ते, आयपी पाच वर्षं जपायला सांगितलं, तेव्हा एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्ड यांनी भारतातले सर्व्हर काढून घेतले. भारतात व्हीपीएन वापरणं सर्वसाधारणपणे बेकायदा नाही. फुकटच हवं असेल तर प्रोटॉनची मोफत योजना हा त्यातल्या त्यात भरवशाचा पर्याय. रोज ओटीटी बघण्यासाठी व्हीपीएनची गरज नाही. तुम्ही लॉगिन केलेलं असतं, तुम्ही कोण हे त्या कंपनीला ठाऊकच असतं, आणि बऱ्याच ओटीटी व्हीपीएन दिसलं की अडवतात.

सहावी पायरी : उतरवलेली फाइल

फाइल उघडण्याआधी तिच्याकडे नीट बघा. नाव सिनेमाचं, आकार 4 एमबी आणि शेवटी डॉट ईएक्सई असेल तर तो सिनेमा नाही. अख्खा सिनेमा शेकडो एमबीचा असतो आणि नावाच्या शेवटी एमपी4 किंवा एमकेव्ही येतं. विंडोज हा शेवटचा अक्षरगट लपवून ठेवतं. फाइल एक्सप्लोररमध्ये 'व्ह्यू', मग 'शो', मग 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' सुरू करा. 'हा कोडेक (व्हिडिओ चालवायचा जोड-प्रोग्राम) टाकल्याशिवाय व्हिडिओ दिसणार नाही' असं सांगणारी फाइल लगेच काढून टाका.

बघायला व्हीएलसी हा प्लेअर घ्या, पण फक्त व्हिडिओलॅनच्या अधिकृत साइटवरून. पहिल्यांदा उघडल्यावर ते माहिती नेटवरून आणण्याची परवानगी विचारतं, ती खूण काढा. प्लेअर अपडेट ठेवा. चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीने 2017 मध्ये दाखवलं होतं की सबटायटलच्या फाइलमधूनही कॉम्प्युटरचा ताबा घेता येतो. व्हीएलसी आणि कोडी या दोन्ही प्लेअरमध्ये ती त्रुटी होती, ती नंतर दुरुस्त झाली.

सातवी पायरी : खाती

घरातल्या प्रत्येकाचं प्रोफाइल वेगळं करा, हवं तर पिन लावा. घरातल्या घरातही माणसाला थोडा आडोसा लागतो. यूट्यूबची हिस्टरी तीन महिन्यांनी आपोआप पुसली जाईल असं सेटिंग गुगल खात्यात आहे. नेटफ्लिक्सवर 'व्ह्यूइंग ॲक्टिव्हिटी'तून एकेक कार्यक्रम लपवता येतो, आणि 'मॅनेज ॲक्सेस अँड डिव्हायसेस'मध्ये लॉगिन राहिलेली उपकरणं दिसतात. गणपतीपुळ्याच्या हॉटेलातला टीव्ही त्यात अजून दिसत असेल तर इथूनच साइन आउट करा. यूपीआय ॲपमधली 'ऑटोपे'ची, म्हणजे खात्यातून आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांची यादीही बघून घ्या. टेलिग्राम वापरत असाल तर 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'मध्ये फोन नंबर 'नोबडी' करा, तिथे 'एव्हरीबडी' असेल तर चॅनेलच्या चर्चेत, गटांत तो अनोळखी लोकांना दिसू शकतो.

काही चुकीचं दाबलं गेलंच, तर

फोनचं वायफाय आणि मोबाइल डेटा दोन्ही बंद करा. संशयित ॲपची ॲक्सेसिबिलिटी परवानगी आधी काढा आणि मगच ते अनइन्स्टॉल करा, कारण परवानगी असेपर्यंत काही ॲप्स स्वतःला काढू देत नाहीत. पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून बदला, पहिला ईमेलचा आणि मग बँकेचा. पैसे गेले असतील तर बँकेला कळवा आणि ताबडतोब 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. रक्कम पुढच्या खात्यांत फिरण्याआधी तक्रार नोंदली गेली तर ती गोठवता येण्याची शक्यता जास्त असते. घरातल्या ज्याच्या हातून हे झालं त्याला रागावू नका, नाहीतर पुढच्या वेळी तो हे तुम्हाला सांगणारच नाही.