४० मशीन, एक लाइन आणि धनतेरसला अडकलेलं घड्याळ

इंदूरला एका कॉलेजच्या लॅबचं काम माझ्याकडे आलं तेव्हा ४० मशीनवर उबंटू २२.०४ ही लिनक्स प्रणाली होती आणि इंटरनेटची लाइन एकच. सकाळी लॅब उघडली की रात्रभर बंद असलेली मशीनं राहिलेले अपडेट एकदम ओढायची. तोच कर्नल (प्रणालीचा गाभा), तेच लिब्रे ऑफिस, चाळीस वेळा. प्रॅक्टिकलची पोरं ताटकळत बसायची.

उबंटूत पॅकेजेस, म्हणजे प्रोग्रॅमचे गठ्ठे, एपीटी नावाचं साधन आणतं. उत्साहाच्या भरात मी एपीटी-मिरर लावलं. उबंटूच्या पॅकेजेसचं अख्खं भांडारच आपल्या घरी! २५० जीबीची डिस्क तिसऱ्या दिवशी भरली, आणि त्यातली बहुतेक पॅकेजेस आमच्या लॅबला जन्मात लागली नसती. जिथे नेट अजिबात नाही तिथे मिरर ठीक. नाहीतर एपीटी-कॅशर-एनजी बघा. एका मशीनने मागितलेलं पॅकेज ते साठवून ठेवतं, बाकीच्यांना तिथूनच देतं. ते लॅबच्या सर्व्हरवर बसवायचं आणि प्रत्येक मशीनच्या एपीटीला प्रॉक्सी (मधला मध्यस्थ) म्हणून सर्व्हरचा पत्ता आणि ३१४२ हा पोर्ट सांगायचा, बस. गोम एकच: २२.०४ मध्ये फायरफॉक्स स्नॅप या वेगळ्या प्रकारच्या पॅकेजमधून येतं, ते या वाटेने जात नाही.

असं साध्या एचटीटीपीवरून, म्हणजे एन्क्रिप्शनशिवाय, पॅकेज आणायची भीती वाटते, मलाही वाटली होती. पण पॅकेजच्या यादीला डिजिटल सहीचं संरक्षण असतं, यादीत प्रत्येक पॅकेजचा हॅश (बोटाच्या ठशासारखी खूण) असतो, आणि तपासणी प्रत्येक मशीन स्वतःच करतं.

अपडेट आधी पाचच मशीनवर सोडा, दोन दिवस थांबा. प्रिंटर कधी रुसेल सांगता येत नाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मात्र तीन मशीनं अडून बसली: रिलीज फाइल (त्याच यादीची सही आणि तारीख असलेली फाइल) म्हणे अजून वैधच नाही. मी दिवसभर सही तपासायच्या डिजिटल किल्ल्या बदलल्या, साठवलेल्या पॅकेजेसची कॅश पुसली, सर्व्हर दोनदा रीस्टार्ट केला. संध्याकाळी कुलूप लावायला आलेले काका स्क्रीनकडे बघून म्हणाले, “अरे, हे तर अजून धनतेरसलाच बसलंय!” सुट्टीत मेन स्विच बंद, मदरबोर्डवरचे सेल मेलेले, आणि बाहेरच्या टाइम सर्व्हरची वाट फायरवॉलने अडवलेली. कालची यादी त्या मशीनना उद्याची वाटत होती.

लॅबच्या सर्व्हरवर क्रोनी हा वेळ जुळवणारा प्रोग्रॅम बसवून सगळ्यांना तिथूनच वेळ घ्यायला लावली. जेल रोडवरून सेल आणले, पण दोनच. तिसरं मशीन अजून सर्व्हरला विचारूनच तारीख सांगतं.