स्वमग्न पोराच्या तोंडून घरातलं गुपित: कादंबरी लिहिताना या चुका टाळा

अशा कादंबरीचं हस्तलिखित बहुतेकदा चौथ्या-पाचव्या प्रकरणात अडकतं. निवेदक पंधरा वर्षांचा, स्वमग्न, म्हणजे ऑटिस्टिक. गाव लातूर जिल्ह्यातलं, औशाच्या नाहीतर निलंग्याच्या बाजूचं. घरात एक नाव निघालं की सगळे गप्प. इथवर जमतं. मग गुपित उलगडायची वेळ येते आणि लेखक पोराचं एकतर यंत्र करतो, नाहीतर जुन्या पेटीतली आयती चिठ्ठी त्याच्या हातात देतो. दोन्हीचं मूळ एकच आहे. पोरानं टिपलेली गोष्ट आणि तिचा त्याला लागलेला अर्थ, यांत अंतरच ठेवलेलं नसतं. त्याला दिसतं आधी, उमगतं नंतर, आणि मधल्या पानांत वाचकाला त्याच्याआधी शंका येते. कादंबरी या अंतरावर चालते.

दैवी देणगी

कुठल्याही तारखेचा वार झटक्यात सांगणारा मुलगा नको. अशी असामान्य क्षमता थोड्याच स्वमग्न माणसांत असते, आणि ती दिली की तपास फुकटात उरकतो. त्याऐवजी एका विषयाची खोल ओढ द्या, तीही गावातली. समजा, हा पोरगा वहीत गावातल्या प्रत्येक बोअरची नोंद ठेवतो: शेत कोणाचं, तारीख, किती फूट, पाणी लागलं की कोरडा, पैसे कोणी दिले. एका ओळीत येतं, ‘६४० फूट. कोरडा. पैसे आबांनी दिले. शेत आमचं नाही.’ त्याला एवढंच खटकतं की शेवटचा रकाना बाकीच्या ओळींशी जुळत नाही. वाचक मात्र विचारतो, दुसऱ्याच्या रानात म्हाताऱ्यानं बोअर कशाला पाडला? देणगी न देता तपास सुरू झाला.

‘मला काही वाटलं नाही’

हे वाक्य मसुद्यात जिथं जिथं असेल तिथं खोडा. पुष्कळ स्वमग्न माणसांना भावना जोरात येते, तिचं नाव पटकन सापडत नाही. म्हणून नाव लिहू नका, अंगात काय झालं ते लिहा: ‘काकू बोलत होती तेव्हा माझे कान गरम झाले. घास खाली जाईना. चटणीतले अख्खे शेंगदाणे मोजले. अकरा होते.’ मोजणं इथं हुशारी दाखवायला आलेलं नाही, ते त्याला धरून ठेवतं. दर पानावर मोजायला लावलंत तर मात्र ती लकब होते. शंभर पानांत चार-पाच वेळा पुरे.

म्हणींचा विनोद

‘डोक्यावर मिरे वाटतो’ ऐकून पोरगा पाटा-वरवंटा शोधतो, असला विनोद एकदाही नको. पंधराव्या वर्षापर्यंत रोजच्या म्हणी-वाक्प्रचार त्यानं पाठ केलेले असतात. तो अडखळतो घरच्या आडवळणी बोलण्यात: ‘तो विषय आता कशाला’, ‘ती तिकडंच बरी’, ‘बघू’. ‘बघू’ म्हणजे नाही, हे बाकीच्या लेकरांना कुणी न सांगता कळतं. हा मात्र बघायची तारीख विचारतो. ही वाक्यं त्याच्याकडून जशीच्या तशी, कोण कुठं बसून बोललं त्यासकट लिहून घ्या. पुढं हाच पुरावा होतो.

तो खोटं बोलूच शकत नाही, हाही लेखकांचा लाडका गैरसमज. स्वमग्न मुलं खोटं बोलतात. फक्त ते निभावताना दमतात, किंवा समोरच्याला संशय कधी आला हे त्यांना उशिरा कळतं. एखादं खोटं त्याला जरूर बोलू द्या, त्यानं माणूसपण येतं.

नात्याच्या नावांवरून घसरणं

इथं मराठी लेखकाच्या हाती हुकमी पत्ता असतो आणि तोच वाया जातो. आपल्याकडं काकू, आत्या, मावशी, मामी वेगवेगळ्या, आणि प्रत्येकीचा धागा कुठून येतो हे शब्दातच असतं. ज्या बाईला घरात सगळे ‘मावशी’ म्हणतात, पण आईच्या माहेरी तिला कोणी ओळखत नाही, ती कोण? नियम पाळणाऱ्या पोराला हा प्रश्न पडणारच, कारण त्याच्या लेखी शब्द चुकीचा वापरलाय. लेखक मात्र निष्काळजीपणे एका प्रकरणात तिला मावशी आणि पुढच्यात काकू करतो. झालं, पुराव्याचं मातेरं. लिहायला बसण्याआधी तक्ता करा: कोण कोणाला काय हाक मारतं, लोकांसमोर काय, घरात काय. रेशनकार्डावर कुटुंबप्रमुखाशी असलेलं नातं लिहिलेलं असतं. तोंडी हाक आणि कार्डावरचा शब्द यांतली तफावत हे एक अख्खं प्रकरण आहे.

कागद चुकीचा उघडणं

सगळ्यात जास्त घोटाळे इथं होतात. पोरगा मोबाइलवर सातबारा पाहतो आणि तीन पिढ्यांचं रहस्य उलगडतं, असं होत नाही. सातबारा आज कोणाचं नाव आहे ते दाखवतो. ते नाव का आलं आणि आधीचं का गेलं, हे फेरफारात, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये असतं: वारस, खरेदी, वाटणी, हक्कसोड (आपला वाटा सोडून देणं). सातबाऱ्यावर फेरफाराचा क्रमांक असतो. पोरानं तो उतरवून घ्यायचा आणि जुन्या नोंदीची नक्कल मागायला तहसीलच्या अभिलेख कक्षात जायचं. अर्ज, फी, ‘उद्या या’. ‘उद्या या’ म्हटल्यावर तो खरोखर दुसऱ्या दिवशी कार्यालय उघडायच्या आधी दारात उभा असणार. हा प्रसंग गाळू नका.

वारसाच्या फेरफारात मयताची बायको, मुलं, मुली यांची नावं येतात. एखादं नाव गाळलेलं असेल किंवा हक्कसोड करून निघालेलं असेल, तर त्या ओळीपाशी गोष्ट थांबवा. अर्थ त्याच्याकडून लगेच वदवून घेऊ नका.

त्याहून मागं जायचं असेल तर दुसरी अडचण. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या काळचं सरकारी दफ्तर मुख्यतः उर्दूत, काही कागद मोडी लिपीत, वर्षं फसली सनाची, म्हणजे तेव्हाच्या महसुली कालगणनेची. आजचा पोरगा ते सरळ वाचतो असं दाखवलंत की मराठवाड्यातला वाचक पुस्तक मिटतो. फसली सनात साधारण ५९० मिळवले की इसवी सन येतो. १३५७ फसली हे ऑक्टोबर १९४७ ला सुरू झालेलं वर्ष. जानेवारीनंतरच्या तारखेला ५९१ धरा. ही साधी बेरीज आहे, देणगी नव्हे. उर्दू वाचायला मात्र त्याला माणूस शोधावा लागेल, अनोळखी म्हाताऱ्याच्या ओट्यावर बसावं लागेल, अत्तराचा वास सहन करावा लागेल. कागदातल्या मजकुराइतकंच हे बसणं महत्त्वाचं.

वयाचं गणित

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप गुपितासाठी मोहात पाडतो. कथा २०२५ ची आणि निवेदक पंधराचा असेल तर त्याचा जन्म २०१० चा. भूकंपात पोरकं झालेलं पाच वर्षांचं लेकरू १९८८ चं. म्हणजे ते निवेदकाची आई असू शकतं, निवेदक स्वतः नाही. दत्तक आलेली आई हवी असेल तर तिच्या शाळेच्या रजिस्टरमधला जन्मस्थळाचा रकाना वापरा.

येळवशीचा स्फोट

स्वमग्न माणसाचा उद्रेक रहस्य कळल्याच्या क्षणी, टाळ्या घेत येत नाही. तो साचत येतो. मार्गशीर्ष अमावस्येला, म्हणजे येळवशीला, लातूर-धाराशिवकडं सगळं घर रानात जातं. ट्रॉलीचे धक्के, नवा कोरा सदरा, कडब्याची कोप, ‘ओलगे ओलगे’चा गजर, आंबिलाचा आंबट वास, भज्जीत एकमेकांत मिसळलेल्या भाज्या, वीस पाहुणे आणि ‘ओळखलंस का मला?’ असं सातव्यांदा विचारणारी बाई. मग कोणीतरी त्याच्या ताटाची जागा बदलतं आणि तो कोसळतो. लोकांना कारण ताट वाटतं. कोसळण्याआधी निदान तीन पानं हा साठा भरा. आतून लिहिताना उद्गारचिन्हांची रांग लावू नका. वाक्यं तोकडी होऊ द्या, नावं गळू द्या, मधला काही वेळ कोराच राहू द्या. नंतर तो तासन्‌तास थकलेला असतो, कधी बोलणंही बंद पडतं. पुढच्याच ओळीत त्याला चुलत्याची उलटतपासणी घ्यायला लावू नका.

बोली

घर ‘काय करायलास?’ म्हणतं आणि निवेदक पाठ्यपुस्तकी ‘काय करीत आहेस?’ म्हणतो, हे शक्य आहे. पुस्तकातून, कार्टूनमधून भाषा उचलणारी स्वमग्न मुलं असतात. पण मग ती निवड दिसू द्या: गल्लीतली पोरं त्याला ‘बातम्या’ म्हणून चिडवतील. कारण न देता त्याला प्रमाण भाषा दिलीत, तर ती लेखकाचीच वाटते.

गुपितालाच स्वमग्नतेचं कारण करणं

आईच्या कोरडेपणामुळं मूल स्वमग्न होतं, ही विसाव्या शतकाच्या मध्याची समजूत केव्हाच मोडीत निघाली आहे. तिच्यावर कळस रचू नका. उलट, स्वमग्नतेत आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. ‘तऱ्हेवाईक’ म्हणून वाड्याच्या मागच्या खोलीत ठेवलेला चुलत आजोबा आपल्यासारखाच होता, हे पोराला त्या आजोबाच्या वह्यांवरून कळणं जास्त खरं आहे.

निदानाचे तपशीलही तपासा. रक्ताच्या चाचणीत स्वमग्नता दिसत नाही. भारतात अपंगत्व प्रमाणपत्रासाठीच्या मापनश्रेणीत ४० मुद्दे असतात, प्रत्येकाला १ ते ५ गुण. ‘एस्पर्जर’ हे वेगळं निदान अमेरिकी निदानपुस्तिकेनं २०१३ मध्ये काढलं, तेव्हा २०२५ च्या डॉक्टरच्या तोंडी ते घालू नका. आजी ‘येडं’ म्हणेल, म्हणू द्या.

मसुदा झाला की एका स्वमग्न वाचकाला मानधन देऊन वाचायला द्या. ‘कसं वाटलं?’ असं मोघम विचारू नका. नेमकं विचारा: कुठल्या पानावर तुम्ही या मुलासारखं वागला नसता, आणि कुठल्या पानावर त्याच्याआधी तुम्हाला गुपित कळलं? दुसऱ्या उत्तरातलं पान तुम्ही ठरवलेल्या पानाच्या बरंच आधी आलं, तर आधीच्या प्रकरणांतल्या बोअरच्या नोंदी कमी करा. बरंच नंतर आलं, तर एक वाढवा.