कोकणातून शिकायला परदेशी निघताय? ग्राफिंग कॅल्क्युलेटर घेण्याआधी आणि घेतल्यावर

रत्नागिरी, चिपळूण, कणकवली, वेंगुर्ला, कुठूनही अमेरिकेत येणाऱ्या मुलांसाठी आणि मुलांना इथल्या नववी-दहावीत घालणाऱ्या आईवडिलांसाठी हे लिहीत आहोत. आपल्याकडे बारावीच्या बोर्डाला कॅल्क्युलेटर नसतो, लॉग टेबल असतं. जेईई मेनलाही कॅल्क्युलेटर आत नेता येत नाही. त्यामुळे आपल्या मुलांचा हात हिशेबाला चांगला बसलेला असतो, पण ग्राफिंग कॅल्क्युलेटर, म्हणजे पडद्यावर आलेख काढून दाखवणारा, त्यांनी बहुतेक वेळा पाहिलेलाही नसतो. इथे मात्र शाळेच्या सामानाच्या यादीत वह्या-फायलींच्या खालीच त्याचं नाव असतं. वस्तू शंभर डॉलरच्या आसपासची किंवा त्याहून महाग. घाईत चुकीची घेतली तर पैसे जातात, आणि बरोबर घेतली पण वापरायला शिकलं नाही तर परीक्षेतली मिनिटं जातात.

पहिली गोष्ट म्हणजे निघण्याआधी विकत घेऊ नका. कोणता चालेल हे शाळा किंवा प्राध्यापक ठरवतात, आणि ते कोर्सच्या सिलॅबसमध्ये लिहिलेलं असतं. शाळेत शक्यतो शिक्षक फळ्यावर ज्या मॉडेलची बटणं दाखवतात तेच घ्या, म्हणजे वर्गात बटणं शोधत बसावं लागत नाही. कॉलेजचं वेगळं आहे. कित्येक विद्यापीठांत पहिल्या वर्षाच्या कॅल्क्युलसच्या परीक्षेत ग्राफिंग कॅल्क्युलेटर बंद असतो आणि साधा सायंटिफिक पुरतो, काही ठिकाणी तर तोही चालत नाही. म्हणून पहिला आठवडा थांबा आणि सिलॅबस वाचा. बऱ्याच कॉलेजांच्या ग्रंथालयात ग्राफिंग कॅल्क्युलेटर सेमिस्टरभर उसना मिळतो, तेही विचारा. एमएससाठी फक्त जीआरई द्यायची असेल तर विषयच संपला. तिथे स्क्रीनवरचाच कॅल्क्युलेटर मिळतो, स्वतःचा नेता येत नाही.

आखातात जाणाऱ्या कुटुंबांनी शाळेचं बोर्ड आधी विचारावं. आयबी म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, त्याच्या गणितात ग्राफिंग कॅल्क्युलेटर लागतोच. त्यातल्या ॲनालिसिस अँड ॲप्रोचेस या कोर्सच्या पेपर एकला तो नसतो, ॲप्लिकेशन्स अँड इंटरप्रिटेशन या कोर्सच्या सगळ्या पेपरांना असतो. केंब्रिजच्या ए लेव्हल गणिताला नेमकं उलटं आहे, तिथे ग्राफिंग कॅल्क्युलेटरला मनाई आहे. शेजारच्या मुलाने घेतला म्हणून आपणही घेतला, असं इथे करू नका.

अमेरिकेतल्या परीक्षांमध्ये खरी अडचण येते ती कॅसची. कॅस म्हणजे अक्षरांचं बीजगणित स्वतः सोडवणारी सोय, अवयव पाडणारी आणि डेरिव्हेटिव्हचं सूत्र काढून देणारी. एसीटी आणि एसएटी या कॉलेज प्रवेशाच्या परीक्षा. एसीटीला असा कॅल्क्युलेटर चालत नाही, आयबीलाही नाही, आणि ऑगस्ट २०२५ पासून एसएटीलाही नाही. टीआय, म्हणजे टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीचे, टीआय-एन्स्पायर सीएक्स टू आणि टीआय-एन्स्पायर सीएक्स टू कॅस दिसायला जवळपास सारखे आहेत, फरक नावातल्या एका शब्दाचा. ऑनलाइन मागवताना तो शब्द वाचल्याशिवाय पैसे भरू नका. एसएटी आता संगणकावर होते आणि परीक्षेच्या सॉफ्टवेअरमध्येच डेसमॉस हे आलेख काढणारं ॲप दिलेलं असतं. तेव्हा फक्त एसएटीसाठी यंत्र घ्यायची गरज नाही. डेसमॉस फुकट आहे, मोबाइलवर चालतं, आणि त्याचा सराव दापोलीत बसूनही होतो.

आता मॉडेलबद्दल. अमेरिकन शाळांत सर्वांत जास्त दिसतो तो टीआय-८४ प्लस सीई. रंगीत पडदा, आतली बॅटरी चार्ज होणारी. चार्जिंगची वायर मिनी यूएसबीची असते, मोबाइलची टाइप सी किंवा मायक्रो तिथे बसत नाही, म्हणून डब्यातली वायर जपा. जुना टीआय-८४ प्लस अजून चालतो. त्याचा पडदा काळा-पांढरा, फक्त ९६ बाय ६४ ठिपक्यांचा, आणि त्याला चार ट्रिपल ए सेल लागतात. पैसे बेताचे असतील तर कॅसिओचा एफएक्स-९७५० जी थ्री हा आमच्या मते सर्वांत चांगला सौदा आहे. बहुतेक शालेय कामं तो करतो आणि किंमत टीआयच्या निम्म्याच्या आसपास असते. तोटा एवढाच की शिक्षक टीआयची बटणं सांगत असताना तुम्हाला मनात भाषांतर करत बसावं लागतं. ज्याची पायरी-पायरी स्वतः शोधून काढायची तयारी आहे त्याने तोच घ्यावा.

जुना, वापरलेला घेताना प्रत्येक बटण दाबून बघा. पडद्यावर आडव्या-उभ्या मेलेल्या रेघा नाहीत ना हे बघा. सेलचं झाकण उघडून पत्र्यांवर पांढरी-हिरवी पूड आहे का तेही तपासा, ती गळलेल्या सेलची खूण. मेनूतल्या काही सोयी बंद दिसल्या तर यंत्र बिघडलंय असं समजू नका, मागच्या मालकाने परीक्षा मोडमध्ये ठेवलेलं असू शकतं. संगणकाला किंवा दुसऱ्या तसल्याच कॅल्क्युलेटरला वायरने जोडलं की तो मोड काढता येतो.

शिकायला सुरुवात बेरीज-वजाबाकीपासूनच करा, कारण सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात. टीआयवर वजा करण्याचं बटण वेगळं आणि ऋण संख्येचं, कंसातल्या छोट्या रेघेचं, बटण वेगळं. ऋण पाच लिहायला वजाबाकीचं बटण दाबलं तर एक तर सिंटॅक्स एरर येते, नाहीतर यंत्र आधीच्या उत्तरातून पाच वजा करून मोकळं होतं आणि तुमच्या लक्षातही येत नाही. ऋण तीनचा वर्ग हवा असेल तर कंस घाला, नाहीतर उत्तर ऋण नऊ येतं. भागाकारात तर कंसाशिवाय पुढे जाऊच नका. टीआय-८४ वर एका ओळीत एक भागिले दोन एक्स लिहिलं तर यंत्र अर्धा गुणिले एक्स करतं. कॅसिओच्या ग्राफिंग मॉडेलवर तेच लिहिलं तर दोन एक्स सगळा छेदात जातो. दोन मित्रांची उत्तरं वेगळी येतात आणि दोघांचीही यंत्रं आपापल्या नियमाने बरोबर असतात. कंस घातला की हा प्रश्नच उरत नाही.

यापुढचं सगळं एका उदाहरणावर करून बघा, आपल्या किनाऱ्यावरच्या भरती-ओहोटीच्या. आपल्याकडे दिवसात दोन भरत्या येतात आणि एका भरतीपासून दुसरीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणजे १२.४२ तास. समजा एखाद्या खाडीच्या तोंडावर पाण्याची खोली मीटरमध्ये अशी आहे: १.६ + ०.९ × साइन(२ × पाय × एक्स ÷ १२.४२). एक्स म्हणजे तास. सर्वांत कमी पाणी ०.७ मीटर, सर्वांत जास्त २.५. होडीला २ मीटर पाणी लागतं. ती कधी आत येऊ शकेल?

टीआय-८४ वर आधी मोड दाबा आणि रेडियन निवडलंय याची खात्री करा. मग वाय इक्वल्समध्ये वाय वनला वरचं सूत्र आणि वाय टूला नुसते २ लिहा. आता बरेच जण झूम दाबून ६ दाबतात. त्याने पडदा दोन्ही बाजूंना उणे दहा ते दहा होतो, लाट मधोमध चेपलेली दिसते आणि काही वाचता येत नाही. विंडो स्वतः भरा. एक्सची सुरुवात ०, शेवट २५, कारण दोन भरत्यांना तेवढे तास लागतात. एक्सच्या खुणा दर ६ वर. वायची सुरुवात ०, शेवट ३, खुणा दर ०.५ वर. हे आकडे यंत्र सांगत नाही. खोली ०.७ ते २.५ मध्येच फिरणार हे तुम्हाला सूत्र वाचूनच कळायला हवं, आणि हाताने गणित केलेल्या मुलांना ते पटकन कळतं. आपला बोर्डाचा अभ्यास इथे कामी येतो.

ग्राफ दाबा. दोन पूर्ण लाटा आणि त्यांना चार ठिकाणी छेदणारी आडवी रेघ दिसेल. आता सेकंड, ट्रेस आणि मेनूतला ५, म्हणजे इंटरसेक्ट. यंत्र पहिली रेषा, दुसरी रेषा आणि अंदाज असं तीनदा विचारतं. अंदाजाच्या वेळी बाणाने कर्सर हव्या त्या छेदबिंदूजवळ न्या. नुसतं तीनदा एंटर दाबलं तर कर्सर असेल त्याच्या जवळचा बिंदू मिळतो, आणि तो तुम्हाला हवा असलेला असेलच असं नाही. पहिलं उत्तर ०.९१ च्या आसपास येईल, दुसरं ५.३० च्या. म्हणजे शून्य वेळेनंतर सुमारे ५५ मिनिटांनी पाणी पुरेसं होतं आणि ५ तास १८ मिनिटांपर्यंत राहतं. दशांश तासाला मिनिटं समजू नका, ०.९१ तास म्हणजे ९१ मिनिटं नव्हेत. पुढची भरती हवी असेल तर दोन्ही उत्तरांत १२.४२ मिळवा.

त्याच मेनूत ४ दाबून सर्वांत जास्त पाणी शोधा. डावी हद्द, उजवी हद्द, अंदाज. उत्तर ३.१०५ तास आणि २.५ मीटर. कधीकधी एक्स ३.१०४९९९८ असा काहीतरी दिसतो. यंत्र सूत्र सोडवत नाही, जवळजवळ जात आकडा गाठतं, म्हणून शेवटचे अंक डळमळतात. ६ दाबून एक्स शून्य दिलात तर पाणी चढण्याचा वेग मिळेल, तासाला ०.४५५ मीटर. हे हाताने काढून ताडून बघा. डेरिव्हेटिव्ह म्हणजे काय हे एकदा असं समोर दिसलं की विसरत नाही.

आता मुद्दाम मोड डिग्री करून तोच ग्राफ काढा. लाट नाहीशी होते, १.६ पासून १.८ पर्यंत हळूच चढणारी जवळजवळ सरळ रेघ दिसते. इंटरसेक्ट मागितलात तर नो साइन चेंज अशी एरर येते (इथला साइन म्हणजे अधिक-उणे चिन्ह, लाटेचा साइन नव्हे), कारण ती रेघ २ पर्यंत पोचतच नाही. हे चित्र डोळ्यांत बसवा. परीक्षेत साइनची लाट अशी सपाट दिसली की सूत्र खोडू नका, आधी मोड बघा.

एवढं मात्र खरं की आपल्या किनाऱ्यावर एका दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात, आणि उधाणाच्या व भांगाच्या भरतीत तर मोठाच फरक असतो. एका साइनमध्ये हे मावत नाही. वरचं सूत्र शिकण्यापुरतं आहे, त्यावर कोणी होडी घालू नये.

बाकीच्या एररपैकी दोनच सांगतो, कारण त्या रोज येतात. इनव्हॅलिड डायमेन्शन आली तर वाय इक्वल्सच्या पडद्यावर अगदी वर जा. तिथे प्लॉट वन रंगलेला दिसेल, म्हणजे कधीतरी आकडेवारीचा आलेख चालू राहिला आहे. त्यावर एंटर दाबून तो बंद करा. विंडो रेंज आली तर एक्सची किंवा वायची सुरुवात शेवटापेक्षा मोठी भरली गेली आहे.

एपी कॅल्क्युलस ही शाळेतच देता येणारी कॉलेजच्या पातळीची परीक्षा. तिच्या लेखी भागात फक्त पहिल्या दोन प्रश्नांना ग्राफिंग कॅल्क्युलेटर असतो, आणि तिथे यंत्राची बटणं उत्तर म्हणून लिहिली तर गुण मिळत नाहीत. निश्चित इंटिग्रल गणिताच्या चिन्हांत मांडा, हद्दी लिहा आणि मग आकडा तीन दशांश स्थळांपर्यंत द्या. मधला आकडा कागदावर तोडून पुन्हा टाइप करू नका, तिसरं स्थळ तिथेच चुकतं. छेदबिंदू मिळाल्या मिळाल्या सेकंड आणि मोड दाबून मुख्य पडद्यावर या. एक्समध्ये तोच आकडा पूर्ण साठलेला असतो. एक्स, मग एसटीओ, मग ए अक्षर, एंटर. पुढे सगळीकडे ए वापरा.

निघण्याआधीचे दोन-तीन महिने हाताशी असतील तर डेसमॉस किंवा जिओजिब्रावर वरचं उदाहरण करा, आणि खऱ्या बटणांची सवय हवी असेल तर नमवर्क्स कंपनीचा सिम्युलेटर ब्राउझरमध्ये फुकट चालतो. त्याचा मेनू टीआयपेक्षा वेगळा आहे, पण कंस, मोड आणि विंडो यांचा विचार सगळीकडे तोच.

यंत्र सुट्टीत घरी नेणार असाल तर पावसाळ्यातली आपली दमट, खारी हवा लक्षात ठेवा. सेलवालं मॉडेल महिनाभर पडून राहणार असेल तर सेल काढून ठेवा, आणि यंत्र सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. सेल गळून पत्र्यांवर पूड जमलीच तर कापसाच्या काडीला थोडं व्हिनेगर लावून पुसा, मग स्पिरिट लावलेल्या काडीने पुन्हा पुसा आणि पूर्ण वाळल्यावरच नवे सेल घाला. चारही सेल एकदमच बदला, जुने-नवे मिसळू नका. विमानात चार्ज होणाऱ्या बॅटरीचा कॅल्क्युलेटर आणि सुटे सेल हातातल्या बॅगेत ठेवा.