रोटेनोनने पेशी मेल्या की नुसत्या मंदावल्या, हे कसं ओळखायचं

एमटीटीचं (पेशी किती जिवंत आहेत याचा रंगावरून अंदाज देणाऱ्या चाचणीचं) रीडिंग निम्म्यावर आलं की लगेच '५०% पेशी मेल्या' असं लिहून मोकळं होऊ नका, रोटेनोन वापरताना तर अजिबातच नाही. डेरिसच्या मुळांतून मिळणारं हे जुनं कीटकनाशक थेट मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीतल्या ऊर्जाकेंद्राच्या) कॉम्प्लेक्स १ ला, म्हणजे ऊर्जा बनवणाऱ्या साखळीतल्या पहिल्या एन्झाइमला अडवतं आणि एमटीटीचा जांभळा रंग पेशीच्या चयापचयावरच अवलंबून असतो, म्हणजे पेशी जिवंत असूनही रंग फिका येऊ शकतो.

पेशी एसएच-एसवाय५वाय घ्या, त्या न्यूरोब्लास्टोमाच्या म्हणजे कॅन्सरच्या आहेत, खरे न्यूरॉन नाहीत हे लक्षात असू द्या. ९६ वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटमध्ये वेलला साधारण १५,००० टाकून रात्रभर चिकटू द्या, कडेच्या वेलमध्ये नुसतं पीबीएस (खारट बफर द्रावण) भरा कारण तिथलं मीडियम (पेशींचं पोषक द्रावण) लवकर आटतं. रोटेनोन डीएमएसओ या द्रावकात विरघळवायचं, ग्लोव्हज घालून आणि हूडमध्येच, पावडर श्वासात जाता कामा नये. डीएमएसओ कंट्रोलसकट सगळीकडे सारखाच, ०.१% च्या आत. डोस १० नॅनोमोलर ते १० मायक्रोमोलर, २४ तास.

मीडियममुळे सगळा रिझल्ट फिरू शकतो बरं का! लिटरला ४.५ ग्रॅम ग्लुकोज असलेल्या मीडियममध्ये पेशी ग्लायकोलिसिसवर (मायटोकॉन्ड्रियाशिवाय ग्लुकोज मोडून ऊर्जा मिळवण्यावर) तग धरतात, मग वाटतं विष चाललंच नाही. म्हणून एक सेट ग्लुकोजऐवजी गॅलॅक्टोज घालून लावाच, तिथे मायटोकॉन्ड्रियाशिवाय त्यांचं भागत नाही.

आता मरतात कशा? कॉम्प्लेक्स १ अडलं की इलेक्ट्रॉन ऑक्सिजनकडे निसटतात, सुपरऑक्साइड तयार होतं, मायटोकॉन्ड्रियातून सायटोक्रोम सी बाहेर पडतं, कॅस्पेस ९ आणि मग कॅस्पेस ३ ही पेशी मोडणारी एन्झाइम्स कामाला लागतात, ही अपॉप्टोसिस, म्हणजे पेशीने स्वतःच घडवून आणलेला मृत्यू. पण तिलाही एटीपी (पेशीचं ऊर्जा देणारं रसायन) लागतो, तोच संपला तर पेशी फुगून फुटते, ती नेक्रोसिस. फुटलेल्या पेशींचं एलडीएच (पेशीच्या आतलं एक एन्झाइम) मीडियममध्ये उतरतं, ते मोजा. सोबत ॲनेक्झिन (अपॉप्टोसिस सुरू झालेल्या पेशींना चिकटतं) आणि पीआय (आवरण फाटलेल्या पेशींतच शिरणारा रंग) लावून फ्लो सायटोमेट्री करा, म्हणजे एकेक पेशी यंत्रातून मोजा, आणि ट्रिप्सिन (चिकटलेल्या पेशी सोडवणारं एन्झाइम) घालण्याआधीचं मीडियम प्लीज फेकू नका, मेलेल्या पेशी त्यातच तरंगत असतात, तेही गोळा करून त्याच ट्यूबमध्ये घ्या. फक्त २४ तासांनी बघू नका, ६ आणि १२ तासांनाही बघा, कारण उशिरा अपॉप्टोसिसमधल्या पेशीही पीआय घेतात आणि तोवर दोन्ही प्रकार सारखेच दिसायला लागतात.