खुरपं हातात घ्या, डोकं हलकं होईल

तण काढायचं म्हटलं की कंटाळा येतो, हे मान्य. पण निंदणी हा चांगला व्यायाम आहे. उठबस, वाकणं, ओढणं यांत मांड्या, पोट, खांदे आणि बोटांची पकड असं सगळंच कामाला लागतं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, त्यात ही अर्ध्या तासाची खुरपणी खुशाल धरा.

मनाचं म्हणाल तर 2011 साली नेदरलँड्समधला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ताण देणारं काम केल्यावर काहींनी अर्धा तास बागकाम केलं, काहींनी घरात बसून वाचन. कॉर्टिसॉल, म्हणजे ताणात वाढणारं संप्रेरक, दोन्ही गटांत उतरलं, पण बागकाम करणाऱ्यांचं जास्त. मला वाटतं, यात डोळ्यांसमोर साफ होत जाणाऱ्या वाफ्याचाही वाटा असावा. इतका रोख मोबदला दुसरं कुठलं काम देतं?

माती ओलसर असताना बसा, मुळं अलगद सुटतात. लव्हाळा मात्र नुसता ओढू नका. जमिनीतल्या गाठी राहिल्या की तो पुन्हा हजर! कंबरेतून वाकून राहण्यापेक्षा गुडघ्याखाली जाड गोणपाट घ्या किंवा बुटक्या पाटावर बसा. दर दहा मिनिटांनी हात बदला, उठून पाठ ताणा. हातमोजे हवेतच, धनुर्वाताची लसही वेळेवर घेतलेली असावी. आणि सगळी बाग एका दिवशी काढायला जाऊ नका. रोज एकच वाफा.